राजाची वीत आणि बोयाची गाबोळी

गेल्या वर्षी १९ जुलैला सकाळी, खाडीच्या धक्क्यावर बोय माशांची लांबी मोजत असताना, शेजारी जाळे सांधत बसलेल्या धाकलीबाईंकडून मी ही कथा ऐकली. त्यांनी सांगितलेला क्रम मी बदललेला नाही.

खाडीकाठच्या एका राजाला गाबोळी, म्हणजे माशाच्या पोटातील अंडी, अतिशय प्रिय होती. बोय घटू लागल्याचे कोळ्यांनी त्याच्या कानावर घातले, तेव्हा त्याने हुकूम काढला: ताटात रोज गाबोळी हवी, आणि खाडीतील एकही मासा कमी होता कामा नये. झाला, तर कोळीवाड्यातील प्रत्येक होडी जप्त!

कोळीवाडा हबकला. राजवाड्यावर मासे पोहोचवणारी मथी मात्र "बरं सरकार" म्हणून मोकळी झाली. तिच्या बापाने कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी तिने एका टपोऱ्या बोयाची कच्ची गाबोळी थेट राजाच्या ताटात ठेवली.

"जेवढी अंडी तेवढे मासे, सरकार. खाडीत किती भरून द्यायचे ते कळायला हवं. तळण्याआधी मोजा."

हुकूम स्वतःचाच असल्याने राजा टाचणी घेऊन बसला. मोजणी चारशेवर आली आणि दिवाणजी शिंकले. पुन्हा पहिल्यापासून! मग आचाऱ्याने मीठ किती चिमटी घालू असे विचारले. राजा म्हणाला, "सहाशे बारा," आणि आचारी तेवढे मीठ आणायला गेला. अखेर सोनाराला बोलावले. त्याने गुंजभर अंडी मोजली, सगळी गाबोळी तोलली आणि हिशेब सांगितला: दोन लाख ऐंशी हजार.

तोवर राजाच्या पोटात कावळे ओरडत होते. "सोड उद्या तेवढे मासे खाडीत," तो गुरगुरला.

"सोडते की. पण एवढे मासे जन्माला घालायचं एका मासळीलाच ठाऊक होतं, सरकार, आणि तिचंच पोट आपण चिरायला लावलंत."

राजाच्या मिशा थरथरल्या आणि तो इतका हसला की टाचणी दिवाणजींच्या पगडीत जाऊन रुतली.

"मग मी खाऊ काय?"

मथीने सांगितले, की अंडी घालण्याचे दोन महिने जाळी कोरडी ठेवावीत. एरवी खुशाल मासा खावा, पण वितीहून आखूड बोय पाण्यात परत सोडावा. त्याला एकदा तरी लेकरे होऊ द्यावीत.

राजाने डोळे बारीक केले. "वीत कोणाची? तुझी की माझी?"

मथीने आपला लहानसा हात पदराआड घेतला. "आपलीच, सरकार. ज्याची भूक मोठी, त्याचीच वीत."

राजा पुन्हा खदखदून हसला. हुकूम रद्द झाला, मथीला नवी कोरी होडी मिळाली आणि राजाची वीत धक्क्याच्या दगडावर कोरली गेली.

तो दगड धाकलीबाईंनी मला दाखवला. दोन खाचांमधील अंतर मी तीनदा मोजले: चोवीस सेंटिमीटर. त्या खाचा राजाच्या वितीच्या, की होड्यांचे दोर घासून पडलेल्या, याची खात्री मात्र मला कधीच करता आली नाही.