विशारदाच्या टाचेतला काटा

माणसांनी अजून दारावर पाट्या लावायला सुरुवात केली नव्हती, तेव्हाची गोष्ट. रानाच्या तिठ्यावर, चिंचेच्या झाडावर एक मैना बसायची. रानातला प्रत्येक जण आपल्या कामाचा शब्द तिला सांगून ठेवायचा. कुणी काही विचारलं, की त्यातला शब्द ज्याचा असेल, त्याच्या घराची वाट ती दाखवायची.

साळिंदर पायातले काटे काढण्यात पटाईत होता. पण 'काटे काढणारा' म्हणवून घ्यायची त्याला लाज वाटे. तो मैनेला ऐटीत म्हणाला, "माझा शब्द लक्षात ठेव. कंटकोद्धारविशारद!"

"अहो, लंगडत येणारा असं बोलेल का?"

"शिकलेला असेल तर बोलेल."

पावसाळा सरला, हिवाळा सरला, पण शिकलेलं कुणी फिरकलं नाही. साळिंदर माशा मारत बसला आणि रानातले लंगडे लंगडतच राहिले.

एके दिवशी त्याच्याच टाचेत बाभळीचा काटा मोडला. पाठीवरच्या सळ्यांमुळे त्याला वाकता येईना. कण्हत कण्हत तो तिठ्यावर आला आणि ओरडला, "मैनाबाई, काटा मोडलाय गं! काढणारं कुणी आहे का?"

मैनेने खूप आठवून पाहिलं.

"ह्या शब्दाला माझ्याकडे कुणीच नाही हो," ती म्हणाली. "एक मोठे विशारद आहेत खरे, पण ते कसले, हे आजवर कुणी विचारलंच नाही."