साहेबांनाही न दिलेला ओटीपी

दूरच्या एका डोंगरगावात पाडवीबाई नावाच्या मुख्याध्यापिका होत्या. वरिष्ठांचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नव्हता. मोबाईलची मात्र त्यांना धास्ती वाटे. शिक्षण खात्याने मुख्याध्यापकांसाठी मोबाईल सुरक्षित कसा वापरावा याचे ऑनलाइन वर्ग काढले, तेव्हा पुष्कळांनी धडा नुसता चालू ठेवून गप्पा मारल्या. पाडवीबाई इंटरनेटची रेंज मिळावी म्हणून शाळेच्या गच्चीवर बसत आणि कळेपर्यंत तोच धडा पुन्हा ऐकत.

एका दुपारी शिक्षणाधिकारी साहेबांचा फोन आला.

"बाई, शाळेच्या खात्याचा ओटीपी आलाय ना? सांगा लवकर. वरून मागितलाय."

आवाज साहेबांचाच होता. बाई सांगणार, तोच धडा आठवला: ओटीपी कोणालाही द्यायचा नाही. त्या खात्यात शाळेतल्या प्रत्येक मुलाचं नाव, पत्ता, आईवडिलांचा नंबर होता.

"साहेब, माफ करा. नाही सांगता येणार."

"मला नाही म्हणता? बाकीच्यांनी निमूट दिलाय. बदलीची तयारी ठेवा!"

फोन बंद झाला.

तासाभरात साहेबांची जीपच शाळेच्या अंगणात येऊन थांबली. साहेब लालबुंद झाले होते. "आता पुन्हा ओटीपी येईल. तो माझ्यासमोर सांगायचा."

तेवढ्यात बाईंचा मोबाईल वाजला. आकडा आला होता. त्यांनी मोबाईल पदराआड धरला.

"साहेब, तुम्ही खरे आहात, दिसतंय मला. पण तुमच्याकडे ज्यांनी मागितला, ते खरे आहेत का?"

'मुख्य कार्यालयातून बोलतोय' एवढं फोनवर ऐकूनच साहेब कामाला लागले होते. त्यांनी कार्यालयाचा नेहमीचा नंबर लावला. पलीकडून उत्तर आलं, "आम्ही तर काहीच मागितलेलं नाही."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. ते खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, त्या वर्गांचा हुकूम माझ्याच सहीने निघाला होता. मी एकही धडा पाहिला नाही. मला दाखवाल?"

"दाखवते की. पण आधी बाकीच्या शाळांना फोन करा. पासवर्ड बदलायला सांगा, आत्ताच्या आत्ता!"

साहेब फोन करत सुटले. काही शाळा वाचल्या. काहींना उशीर झाला होता, आणि तिथल्या आईबापांना पुढे कित्येक दिवस भामट्यांचे फोन येत राहिले. पाडवीबाईंच्या गावात तसा एकही फोन आला नाही.

तात्पर्य: धडा नुसता ऐकला की खरंच शिकलो, हे भीती समोर उभी राहते तेव्हाच कळतं.