साक्षीदार बैल

फार पूर्वी एका सकाळी आठ वाजता, रानाकडेच्या तेलघाण्यावर एक खेचर नोकरीला लागलं. कारकून कोल्ह्याने नेमणूकपत्र पुढे केलं. खेचराला वाचता येत नव्हतं. तिथली रीत अशी, की जुन्या जनावराने नव्याला प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगायचा आणि साक्षीदार म्हणून खूर उमटवायचा. त्या दिवशी पाळी म्हाताऱ्या बैलाची होती.

"बैलकाका, प्रोबेशन म्हणजे काय हो?" खेचराने विचारलं.

सहा महिने आजारपणाची रजा नाही आणि कधीही हाकलता येतं, हे बैलाला पाठ होतं. पण कोल्हा शेजारीच उभा होता, आणि बैलाच्या निवृत्तीचा कागद त्याच आठवड्यात कोल्ह्याच्या हातून निघायचा होता.

"अरे, एकमेकांची ओळख व्हायचे दिवस ते," बैल म्हणाला.

"मग पाहुणचारच की!" खेचर हसलं आणि त्याने खूर उमटवला. बैलानेही उमटवला.

पाचव्या महिन्यात खेचराचा पाय मुरगळला. दोन दिवस ते पडून राहिलं. तिसऱ्या दिवशी कोल्ह्याने त्याला कामावरून काढलं. जाताना ते गोठ्यापाशी थांबलं. आत निवृत्त बैल आयती वैरण खात होता.

"काका, तुम्हाला माहीत होतं ना?"

घास बैलाच्या तोंडातच राहिला. "होतं," तो म्हणाला. त्याला मान वर करवली नाही.

खेचर लंगडत निघून गेलं. कोल्ह्याला जाब विचारायला बैल उठला नाही, आणि दुसरंही कोणी उठलं नाही.

त्यानंतर त्या घाण्यावर बावीस जनावरं लागली. त्यांतलं एकही कायम झालेलं नाही. का, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.