बिनपानांच्या फुलातली परी

धुक्याच्या दुलईत दडलेल्या एका डोंगरवाडीत हौसा राहायची. वडील नव्हते, आई तापाने फणफणलेली, घरात दाणा नाही. म्हणून धाकट्या बाळकूला घेऊन ती रानात विकण्यासाठी हिरडे वेचायला आली होती. ती वाकली, उठून बघते तर बाळकू नाही!

"बाळकूऽऽ!"

धुकं दाटत होतं. जवळच खोल दरी. ती धावत सुटली, तोच पायाशी इवलासा आवाज आला, "मला उचल ना गं!"

वाऱ्याने मोडलेली फांदी चिखलात पडली होती. तिला हिरव्या-रुपेरी मुळांचं चिमुकलं जाळं बिलगलं होतं. पान एकही नाही. नुसती पिवळी, तांबड्या ठिपक्यांची नाजूकशी फुलं. आवाज त्यांतूनच येत होता.

"माझा भाऊ हरवलाय गं!" हौसा रडवेली झाली. पण पाय पुढे पडेना. परकराची किनार फाडून तिने फांदी झाडाला उंच बांधली.

फुलातून बोटाएवढी परी उतरली. पंख दवासारखे लुकलुकणारे!

"मला पानं नाहीत, ही मुळंच मला जगवतात. चिखलात ती कुजली असती. माग काहीतरी. पण मागणं एकच! आणि माझ्या उजेडामागेच चालायचं. वाट सोडलीस की उजेड विझेल."

एकच? आईचा तापलेला चेहरा हौसाला दिसला. तिने डोळे गच्च मिटले. "आईसुद्धा हेच मागेल. माझा बाळकू दे."

परीच्या उजेडाचा सोनेरी ठिपका डावीकडे तरंगत निघाला. इतक्यात उजवीकडून रडणं आलं, "ताईऽऽ!"

"परीताई, तो तिकडे आहे!"

ठिपका डावीकडेच सरकत राहिला. ओठ चावत हौसा उजेडामागेच गेली.

एका झाडाच्या ढोलीत बाळकू मुसमुसत बसला होता! तिने त्याला घट्ट कवटाळलं. तेवढ्यात धुकं फाटलं. उजवीकडे खोल दरी होती आणि तिच्यापलीकडे भयाण कडा उभा होता. बाळकूचं रडणं त्याच्यावर आपटून परत येत होतं.

"भ्यालीस, तरी वाट सोडली नाहीस," परी हळूच म्हणाली. "मागणं एकच होतं, पण देणं माझ्या खुशीचं."

लख्ख रुपेरी प्रकाश झाला, झाडांवरून झरझर वाडीकडे गेला, आणि परी त्यातच विरून गेली.

दोघं धापा टाकत घरी पोचली. आई दारात उभी होती.

"कुठं होता रे पोरांनो?"

हौसाने आईचा हात गालाला लावला. तो गार होता, तापाचा मागमूसही नव्हता.