शिवणीतली माया

“…मग आता आणखी काय कमी करू, तेवढं सांगा आक्का. मला तर घरात कमी करण्यासारखं काही दिसत नाही.”

महालिंग शेटे हे बोलले तेव्हा नीलाक्का सुईत दोरा ओवत होत्या. तिसऱ्या खेपेला तो ओवला गेला.

“काहीच उरलं नाही?”

“काही नाही.”

“बघू तरी. सांग एकेक.”

गावाबाहेरच्या टेकडीवर नीलाक्कांचा दोन खोल्यांचा मठ होता. मागच्या खोलीत चूल, पुढच्या खोलीत हाताने फिरवायची जुनी शिलाई मशीन. आक्कांचं वय पंचाहत्तरच्या पुढे. त्यांच्याकडे प्रश्न घेऊन येणारा माणूस काहीतरी शिवायला घेऊन येई, अशी रीत पडून गेली होती. दोऱ्याचे पैसे द्यायचे. शिलाई त्या घेत नसत.

महालिंग साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. वीस हंगामांत त्यांच्या हातून एका गाडीचा आकडा चुकला नव्हता, आणि ही गोष्ट ते पहिल्या भेटीतच सांगत.

त्यांच्या वडिलांनी पिठाची गिरणी काढली होती. गिरणी बुडाली, मागोमाग वडील गेले, आणि चार ठिकाणचं कर्ज महालिंगांवर आलं. घरखर्च कमी करत करत त्यांनी तीन वर्षांत तिघांचं फेडलं. आता एका पतसंस्थेचं राहिलं होतं.

“पेपर बंद,” महालिंग सांगू लागले. “केबल बंद. दुपारचा चहा बंद. सगळ्यात आधी माझंच कमी केलं, हे लक्षात घ्या. पान सोडलं. कारखान्यावर सायकलनं जातो, सात किलोमीटर.”

“बरं.”

“भाताला उकळी आली की सहा मिनिटांनी गॅस बंद. मग पातेल्याला कांबळं गुंडाळून ठेवायचं. आतल्या वाफेवर भात होतो.”

आक्कांनी मान वर केली.

“कांबळं? पातेल्याला?”

“हो. सिलिंडर बारा दिवस जास्त जातो.”

“आणि भात कच्चा राहत नाही?”

“एकेक शीत मोकळं.”

“हे मला ठाऊक नव्हतं. उद्या करून बघते.”

महालिंगांना बरं वाटलं. ते थोडे पुढे सरकून बसले.

“पाहुणे कमी केले.”

“ते कसे कमी करतात?”

“करावे लागत नाहीत. दोनदा बिनसाखरेचा चहा दिला की होतात.”

“साखर कारखान्यातला माणूस तू, आणि बिनसाखरेचा चहा?”

“सगळे हेच म्हणतात,” महालिंग म्हणाले. “म्हणायचे. आता येत नाहीत.”

आक्का खळखळून हसल्या. मग पुन्हा सुईकडे वळल्या.

“पोर काय म्हणते?”

“शांभवी? अकरा वर्षांची आहे, पण शहाणी झालीय. पूर्वी सायीवरून भांडायची. परवा आपणहून म्हणाली, अप्पा, माझा वाढदिवस एक वर्षाआड केला तरी चालेल.”

“असं म्हणाली?”

“स्वतःहून.”

“…तू काय म्हणालास?”

“शाबास म्हणालो.”

आक्कांनी एक टाका घातला. दुसरा घातला.

“पुढं?”

“घरात एकच फोन ठेवलाय. तो माझ्याकडं असतो.”

“दिवसा बायकोला, गिरिजाला कुणाशी बोलावंसं वाटलं तर?”

“हिला तसं बोलायचं काही नसतं हल्ली. हिनं बोलणंसुद्धा कमी केलंय.”

“त्यात काय वाचतं?”

महालिंग हसले. आक्का हसल्या नाहीत. भाताचं विचारलं तसंच त्यांनी हेही विचारलं होतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“…त्यात काही वाचत नाही,” महालिंग म्हणाले.

“मग ते यादीत कसं आलं?”

ते थोडे मागे सरकले. मग खिशातून एक घडी केलेला कागद काढून त्यांनी मांडीवर सरळ केला.

“खरी गोष्ट अशी आहे आक्का, की मार्ग हिनंच काढलाय. परवा सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, मी आणि शांभवी मिरजेला भावाकडं जाऊन राहतो. दोन माणसांचा खर्च वाचेल. मी लगेच गणित मांडलं. दोघी इथं राहिल्या, तर कर्ज फिटायला सव्वीस महिने. गेल्या, तर पंधरा. अकरा महिन्यांचा फरक! मला हे सुचलं नव्हतं. तिला सुचलं.”

त्यांच्या आवाजात बायकोचं कौतुक होतं.

“भाकरी थापता थापता म्हणाली?”

“हो.”

“तुझ्याकडं बघून?”

“तव्याकडं बघत होती. भाकरी करपली असती.”

“मग अडचण कुठं आहे?”

“अडचण नाही.” महालिंगांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. “फक्त… ती बोलली तेव्हापासून मला झोप नाही. गणित दहा वेळा तपासलं. बरोबर आहे. तरी वाटतं, कुठंतरी आकडा चुकतोय. म्हणून आलो. आणखी काही कमी करता आलं असतं, तर त्या दोघींना जावंच लागलं नसतं. पण काही उरलंच नाही.”

“बांधाबांध झाली?”

“एक ट्रंक भरलीय. गुरुवारी जायचं. शांभवीच्या शाळेचा दाखला मागितलाय.”

“ट्रंकेत काय भरलं?”

“कपडे. पुस्तकं. आणि लग्नाचा अल्बम. मी म्हटलं, अगं, पंधरा महिन्यांसाठी एवढं वजन कशाला नेतेस?”

“काय म्हणाली?”

“काही नाही. सांगितलं ना, बोलणं कमी केलंय.”

“पंधरा महिने, हे तू म्हणालास की ती म्हणाली?”

“गणितात तसं येतं.”

“तिच्या तोंडून आलं का?”

महालिंगांनी कागदाकडे बघितलं. खालीवर दोनदा नजर फिरवली, जणू ते उत्तर तिथे कुठेतरी लिहिलेलं असणार होतं.

“…नाही.”

हातातलं काम संपवून आक्कांनी दोरा दातांनी तोडला.

मग विचारलं, “शिवायला काय आणलंस?”

महालिंगांनी पिशवीतून दोन कपडे काढले. एक नवं कोरं हिरवं कापड, घडी न मोडलेलं. दुसरा गणवेशाचा जुना निळा फ्रॉक, धुऊन धुऊन विटलेला.

“मिरजेच्या शाळेचा गणवेश हिरवा आहे. त्याचं हे कापड. निळा इथल्या शाळेचा, तो नुसता मापाला आणलाय. शांभवीला तोकडा झालाय. याच्यापेक्षा चार बोटं लांब आणि थोडा सैल, असा हिरवा शिवून द्या. कापड मी घरी रद्दीच्या कागदावर बेतून बघितलंय आणि तेवढंच घेतलंय. एक चिंधी उरणार नाही.”

“एकही नाही?”

“एकही नाही.”

“मग माया कुठनं सोडू?”

माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवायचं जादा कापड. शिवणाऱ्याला ते ठाऊक असतं, घालणाऱ्याला असेलच असं नाही.

“माया मी धरलीच नाही,” महालिंग म्हणाले. “ती आत पडून राहते. कुणाला दिसत नाही, कुणाच्या उपयोगाची नाही. हिशेबात ती वायाच जाते.”

“असं होय.”

आक्कांनी हिरवं कापड बाजूला ठेवलं. निळा फ्रॉक उचलून उलटा केला आणि काखेखालच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. फिरवता फिरवता त्या थांबल्या.

“हा कुणी शिवला?”

“हिनंच. दोन वर्षं झाली. तेव्हा घरात मशीन होती.”

“आता?”

“विकली. चुलतभावाचं देणं त्यातच फिटलं.”

आक्कांनी डब्यातून ब्लेडचा तुकडा काढला आणि शिवणीला लावला.

“आक्का! तो मापाचा आहे!”

“मापच घेतेय.”

एकेक टाका तुटत गेला. एक बाजू उसवली. मग दुसरी. मग खालची घडी. आक्कांनी फ्रॉक जमिनीवर पसरला आणि तळहाताने दाबून सपाट केला.

शिवणींच्या आतून पट्ट्या निघाल्या होत्या. दोन्ही अंगांना दोन-दोन बोटं रुंद, खाली चांगली पाच बोटं. सगळा फ्रॉक विटका होता. पट्ट्या तेवढ्या गर्द निळ्या होत्या. त्यांना ना ऊन लागलं होतं, ना साबण.

महालिंग पुढे वाकले. बोटाच्या टोकाने त्यांनी त्या निळ्याला हात लावला.

“हा… असा रंग होता याचा?”

“असाच असणार.”

“मला आठवतच नाही.”

ते खालची पट्टी बोटांनी मोजू लागले. एक, दोन, तीन… पाच.

“एवढं कापड हिनं आत घातलं होतं? मला बोलली नाही.”

“बोलली असती तर?”

महालिंग खोटं बोलणारे नव्हते.

“नको म्हटलं असतं.”

आक्कांनी मशीन पुढे ओढली. एका हाताने चाक फिरवत, दुसऱ्या हाताने कापड सारत त्या शिवत राहिल्या. या खेपेला शिवण अगदी कडेला घेतली. महालिंग एकदा सुईकडे बघत, एकदा हिरव्या कापडाकडे. सगळं मिळून वीस मिनिटं लागली.

आक्कांनी फ्रॉक खिडकीच्या उजेडात धरला. आता तो लांब होता, सैल होता, आणि कडांना गर्द निळे पट्टे होते.

“वर्षभर निघेल. पट्टे दिसतील थोडे.”

“दिसू देत,” महालिंग चटकन म्हणाले. मग थांबले. “पण आक्का… हा तर इथल्या शाळेचा आहे.”

“व्हय.”

“मिरजेच्या शाळेत चालणार नाही.”

“नाहीच चालायचा.”

महालिंगांनी फ्रॉक हातात घेतला. घडी घातली. घडी नीट बसली नाही, म्हणून पुन्हा घातली. मांडीवरचा कागद खाली पडला होता, तो त्यांनी उचलला नाही.

“आणि या हिरव्याचं काय करू? कापलेलं कापड दुकानदार परत घेत नाही.”

“किती आहे?”

“दीड मीटर.”

“मग गिरिजाचा ब्लाऊज होईल की. भरपूर माया सोडून होईल. तिचं माप सांग.”

घरात महिन्याला तेल किती लागतं, मीठ किती, काडेपेटीत काड्या किती निघतात, सगळे आकडे महालिंगांच्या जिभेवर असत. हा आकडा नव्हता.

“…माहीत नाही.”

“अंदाजानं सांग.”

“अंदाज येत नाही. ती आता… बारीक झालीय. किती झालीय, ते माहीत नाही.”

आक्कांनी गळ्यातली टेप काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

“जा. घेऊन ये.”

“मी? मी आजवर कुणाचं माप घेतलेलं नाही.”

“हंगामात रोज शेकडो गाड्या मापतोस.”

“ते वजन, आक्का. गाडी काट्यावर चढते, आकडा आपोआप येतो. इथं…” त्यांनी टेपकडे बघितलं. “इथं जवळ जावं लागणार.”

“लागणारच.”

“आणि ती नको म्हणाली तर?”

“तर निदान बोलली तरी.”

महालिंग उठले. टेप बोटांभोवती गुंडाळली. फ्रॉक काखेत धरला. दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यापाशी वळले.

“पण मिरजेचं? पाठवू की नको, ते तुम्ही सांगितलंच नाही.”

आक्का जमिनीवर पडलेले निळे दोरे वेचत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

“टेप आवळू नकोस. आत आपली दोन बोटं ठेव, आणि मग आकडा वाच.”