पुठ्ठ्यावरची खूण

"मग दर सोमवारी बारा माणसं आतून कडी घालून करतात तरी काय, आप्पा? भजन?"

भगवंतानं हे विचारलं तेव्हा आप्पा परसात बंब पेटवत बसले होते. त्यांनी एक ढलपी आत सारली आणि फुंकर मारली.

"तू सांग," आप्पा म्हणाले. "पाळत तू ठेवलीस."

आप्पा गुळवणी म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काचेच्या नळ्या धुतलेला माणूस. आमचं 'कशावरून मंडळ' त्यांनीच सुरू केलं. अमक्याच्या अंगात येतं, तमक्या टेकडीवर गुप्त पंथाची बैठक भरते, असं कुणी म्हणालं की आम्ही जाऊन बघायचं आणि विचारायचं, कशावरून? भगवंत शिंगटे आमच्यातला सगळ्यात हुशार. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच माहीत, एवढंच.

त्या दिवशी गुरुवार होता, बाजाराचा वार. भगवंत सकाळीच पाचशे पत्रकांचा गठ्ठा घेऊन आला होता. वर ठळक मथळा: 'तेलघाण्यातला गुप्त पंथ'. खाली अकरा माणसांची नावं. मंडळाचा शिक्का आप्पांच्या ताब्यात असतो. तो उमटला की पत्रकं बाजारात जाणार होती.

मी मंडळाचा चिटणीस. खरं सांगतो, मला सगळं पटलं होतं. मी शाईची पेटीसुद्धा उघडून ठेवली होती.

"परगावची एक बाई येते," भगवंत सांगू लागला. "एसटीनं येते, एसटीनं जाते, कुणाशी बोलत नाही. ती एक आवाज काढते, की सगळे तोच आवाज काढतात. तासभर हेच."

"कसला आवाज?"

"शेजारी पिठाची गिरणी चालू असते हो. नीट ऐकू नाही आलं. पण मंत्रच."

"हं..."

"बाहेर पडतात तेव्हा बोटं पांढरी. भस्म! आणि दारातच धोतराला पुसून टाकतात. लपवायचं नसेल तर पुसतील कशाला?"

"माणसं कोण?"

"लहानसहान नाहीत. माजी सरपंच आहे, दोन बागायतदार आहेत, मेंढरांचा व्यापारी आहे. सगळी पन्नाशीच्या पुढची. म्हणून तर लोकांना कळायला हवं, आप्पा! गाव यांच्या शब्दावर चालतं."

"माणसं बारा म्हणालास. नावं अकरा."

"बारावा मफलरनं तोंड झाकून मागच्या बोळातून येतो. जातो कुठे? येत्या सोमवारी धरतोच त्याला."

आप्पांनी आणखी एक ढलपी उचलली.

"घरी दाखवलंस पत्रक?"

"तात्यांना वाचून दाखवलं परवा. चष्मा सापडत नव्हता त्यांचा, नेहमीसारखा. रोजचा पेपरही मीच वाचतो ना त्यांना."

तात्या म्हणजे भगवंताचे वडील. लाकडाच्या वखारीचे मालक.

"काय म्हणाले?"

"काही नाही. सगळ्यांची नावं घातलीस का, विचारलं. म्हटलं, अकरांची घातलीत, बारावा राहिलाय. मग उठले. जेवले नाहीत. पित्त झालंय म्हणाले."

आप्पांच्या हातातली ढलपी हातातच राहिली.

"...तो पुठ्ठा दे इकडे."

पुठ्ठा हा भगवंताचा हुकमी पुरावा. तेलघाण्याच्या दाराबाहेर त्याला कागदाचा एक चुरगळलेला तुकडा मिळाला होता. तो त्यानं पुठ्ठ्यावर चिकटवला होता, वर लाल अक्षरांत लिहिलं होतं 'पंथाची गुप्त खूण', आणि प्लास्टिक घालून टाकलं होतं. खरं तर आमच्याकडे रीत अशी, की वस्तू आधी हातोहात फिरते. प्रत्येकानं ती उलटसुलट करून बघायची, आणि मग वस्तू आणणाऱ्यानं तोंड उघडायचं. पण या वेळी भगवंत म्हणाला, कागद जुना आहे, फाटेल. आम्हीही बरं म्हणालो. इथंच आमचं चुकलं.

कागदावर शिसपेन्सिलीनं, थरथरत्या हातानं, एकच खूण नऊ वेळा काढलेली होती. खाली आडवी रेघ. रेघेवर एक काठी आणि काठीच्या डोक्यावर शेपटीसारखं वेटोळं. शेजारी आकडा. टोकाला पोटात रेघ असलेला गोल.

"नाग, आकडा आणि मिटलेला डोळा," भगवंत म्हणाला. "तिन्हींचे अर्थ पुस्तकात सापडले मला."

आप्पांनी प्लास्टिक काढलं. पुठ्ठा हातात धरून थोडा वेळ बघितला. मग तो तसाच फिरवला, वरची बाजू खाली केली, आणि भगवंतापुढे धरला.

भगवंत हसला. "उलटा धरलात, आप्पा. मथळा बघा की."

"मथळा तू लिहिलास. चिठ्ठी वाच."

"त्यात काय वाचायचं? ती खूण..."

भगवंत थांबला. त्याचे ओठ हलले. मी पुढे वाकलो आणि बघितलं.

बगू.

नऊ वेळा, बगू. पहिली अक्षरं रेघेवरून घसरलेली. शेवटची दोन मात्र बऱ्यापैकी सरळ आली होती.

कॉलेजात तो शिंगटे सर. आम्हाला भगवंत. त्याला बगू म्हणून हाक मारणारा माणूस गावात एकच आहे.

भगवंत धुण्याच्या दगडावर बसला.

"ती पांढरी बोटं..." तो म्हणाला. "खडू? आणि तो मंत्र... बाराखडी?"

आप्पांनी होकारार्थी मान हलवली.

"पण तात्या सही करतात, आप्पा. झोकदार सही. माझ्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी... आणि दर वर्षी म्हणायचे, बगू, मार्क तू वाच, मला तुझ्या तोंडून ऐकायचेत."

बंबात लाकूड तडतडत होतं.

"मी त्यांनाच वाचून दाखवलं हो... मफलरवाल्याला धरतो म्हणून..."

एवढा मोठा माणूस, हमसून हमसून रडला. मला तर कुठे बघावं कळेना. मी गुपचूप शाईची पेटी मिटली.

बऱ्याच वेळानं भगवंत उठला. त्यानं गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि मूठमूठ पत्रकं बंबात घालू लागला. शेवटची मूठ गेली तसं तोटीतून वाफ यायला लागली.

"घरी काय सांगू?" त्यानं विचारलं.

"मंडळानं शिक्का दिला नाही म्हणून सांग. कशावरून, ते भगवंत शिंगट्यांना सांगता आलं नाही. जरा मोठ्यानं सांग, बाकीच्या अकरांनाही कळू दे."

"आणि तात्यांना? त्यांना विचारू का काही? पाय धरू? आप्पा, आपण तर सगळ्या गावाला हेच सांगत आलो ना, की विचारा, विचारल्याशिवाय राहू नका..."

आप्पांनी तोटी सोडली. बादली निम्मी भरली तशी तोटी बंद केली.

"चष्मा सापडेपर्यंत पेपर तूच वाच," आप्पा म्हणाले. "आणि सापडला, की कुठे होता ते विचारू नकोस."