आवडीची करवंटी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. कुडवणच्या खाडीवर पूल नव्हता, पुलाचं कुणी नावही काढत नव्हतं, तेव्हाची. अलीकडे कुडवण, पलीकडे निवेळी आणि मधे मैलभर खारं पाणी. ते ओलांडून न्यायची भिवा तांडेलाची होडी. भिवाचं नाव लोक अजून घेतात. त्याचे दंड कसे होते, आवाज कसा होता, वाऱ्याला तो नावानं हाक कशी मारायचा. घेऊ देत. मी सांगणार आहे ती त्याच्या बहिणीची गोष्ट.

तिचं नाव आवडी. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि ती भावाकडे परत आली. भावाची बायको बाळंतपणात गेली, तेव्हा तिची पोर तानी आवडीनंच वाढवली. घरचं उरकलं की आवडी होडीत बसायची. फळीवर नव्हे, खाली, तळाशी. होडी लाकडाची, कितीही राळ भरा, सांध्यांतून पाणी यायचंच. ते करवंटीनं उपसून बाहेर टाकायचं, पुन्हा यायचं, पुन्हा टाकायचं. सोळा वर्षं हे तिचं काम. फळीवरच्या माणसांना तिची फक्त पाठ दिसायची. निवेळीच्या लोकांनी तिचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं, असं म्हणतात. आणि नाव? “ए उपसणारे, जरा सरक, लुगडं भिजतंय!” हेच तिचं नाव.

तानीचं लग्न निवेळीला ठरलं. कुडवणला लागलं आणि वऱ्हाड नवरीला घेऊन परत निघालं. वैशाखाचं ऊन डोक्यावर. होडीला केळीचे खांब बांधलेले. आवडी पदर खोचून आपल्या जागी उतरायला लागली, तर तानीची सासू गोदाक्का आडवी आली.

“थांबा! नव्या नवरीच्या होडीत पांढरं कपाळ? आमच्याकडे नाही चालत.”

भिवाला कळत होतं. सोळा वर्षं ज्याच्या होडीत पाणी घोट्याच्या वर आलं नाही, त्याला कळणार नाही? पण अंगात नवा कोट होता आणि पोरीची सासू समोर उभी होती. मान खाली घालून म्हणाला, “आवडे, आजच्या दिवस काठावर थांब गो.”

“थांबते,” आवडी म्हणाली. “पण पाणी कोण काढणार? तुझा कोट?”

“त्यात काय मोठंसं!” गोदाक्का म्हणाली. “एवढी माणसं आहेत आमची.”

होडी सुटली. माणसं वीस-पंचवीस होती आणि प्रत्येकाला वाटलं, दुसरा वाकेल. कुणाचं धोतर नवं, कुणाचं लुगडं नवं. करवंटी आवडीच्या हातातच राहिली, हेसुद्धा कुणाच्या लक्षात आलं नाही.

खाडीच्या मधोमध तानीच्या पायाला पाणी लागलं. ते पोटरीपर्यंत चढलं, तेव्हा सगळे एकदम ओरडले. आहेरातले तांबे-पातेली घेऊन उभे राहिले आणि उपसायला लागले. उभे! अरे, होडीत उभं राहून कुणी पाणी उपसतं? होडी कलली. तांब्याभर बाहेर गेलं की घागरभर आत आलं. भिवाला वल्हं सोडता येईना. तेव्हा तानी कुडवणच्या काठाकडे तोंड करून ओरडली, “आत्या! आत्या गो!”

ती हाक आवडीनं ऐकली. काठावर दुसरी होडी नव्हती, आणि पोहून पोचेपर्यंत उरलं काय असतं? ती काठाच्या चिखलात, पाण्यातच बसली. होडीत बसायची तशीच. आणि खाडीचं पाणी करवंटीनं उपसून मागे काठावर टाकायला लागली. लोक हसले. “वेडी झाली! खाडी कोरडी करायला बसली!” तिनं मान वर केली नाही. एक करवंटी, आणखी एक, आणखी एक. आणि असं म्हणतात, की इथे तिनं एक करवंटी टाकली की तिथे होडीतलं एक करवंटी पाणी कमी व्हायचं. पोटरीचं घोट्यावर आलं, घोट्याचं तळव्यावर. माणसं रिकामी भांडी हातात धरून बघत राहिली. कुणी शहाणे म्हणतात, वारा पडला म्हणून होडी वाचली. वाचली असेल. मग काठावर ते तळं कुठून आलं, तेही त्यांनीच सांगावं.

होडी निवेळीला लागली. सगळे उड्या टाकून उतरले, तानी उतरेना. शालू भिजलेला, मुंडावळ्या ओघळलेल्या, दोन्ही हातांनी फळी धरून बसली.

“आत्या आल्याबिगर मी उतरायची नाही.”

नवऱ्यानं समजावलं, सासरा ओरडला. नाही म्हणजे नाही. शेवटी गोदाक्काच पुन्हा होडीत चढली. “फिरव रे भिवा. मीच घेऊन येते तिला.”

होडी परत काठाला टेकेपर्यंत आवडीचा हात थांबला नव्हता. मागे काठावर खारं तळं साचलं होतं. गोदाक्कानं तिचं तोंड तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं.

“चला विहीणबाई,” ती म्हणाली. “वर फळीवर बसा.”

“फळीवर? म्हणजे पुन्हा बुडायचंय?” आवडी म्हणाली. “तुम्हीच या खाली. शिकवते.”

आणि भरजरी लुगड्यातली गोदाक्का होडीच्या तळाशी उकिडवी बसली. निवेळी येईपर्यंत दोघी विहिणी आळीपाळीनं पाणी उपसत होत्या, असं म्हणतात. यावर तरी मला शंका नाही.

आता पूल झाला, होडी गेली. लहानपणी मी त्या होडीतून बऱ्याचदा गेले. वल्ह्यांचा आवाज, ओल्या लाकडाचा वास, सगळं आठवतं. तळाशी तेव्हाही एक बाई बसायची. तिची पाठ आठवते, तोंड आठवत नाही. याची मला अजून लाज वाटते.

आवडीचं तळं मात्र आहे. वैशाखात विहिरी तळ गाठतात, ते आटत नाही. कुडवणची नवरी सासरी निघाली की गाड्या पुलाच्या तोंडाशी थांबतात. सासू उतरते, काठाच्या चिखलात बसते आणि करवंटीनं खाडीचं पाणी तळ्यात टाकते. गाडीतून नवरी ओरडून विचारते, “आत्या बसली का?” सगळ्या वऱ्हाडानं सांगायचं, “बसली!” मगच गाडी पुलावर चढते.

गेल्या वर्षी शहराकडची एक सासू उभ्याउभ्याच पाणी फेकून निघाली होती. मी हाक मारून परत बोलावली. म्हटलं, बाई, उभ्यानं टाकलेलं इथे धरत नाहीत.

तिनं माझ्याकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं, चिखलाकडे पाहिलं. आणि बसली.